मागून हाक येईपर्यंत

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात भाव ठरवायची एक रीत होती. दुकानदाराने आकडा सांगायचा, आपण त्याच्या निम्म्याच्याही खाली उतरायचं, त्याने कपाळावर हात मारायचा, आणि आपण वस्तू खाली ठेवून चालायला लागायचं. मागे वळून बघायचं नाही. दोन-चार दुकानं ओलांडली की हाक येतेच, "अरे बहनजी, सुनिए तो!" लग्न होऊन लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला हिंदी धड येत नव्हती, पण हे चालत सुटणं मी लगेच शिकले. ह्यांचं काम एवढंच, की योग्य वेळी "चल, राहू दे" म्हणायचं. तेवढं म्हणतानाही ते लाजायचे, आणि मग कुल्फीच्या गाडीपाशी जाऊन माझी ओळख नसल्यासारखे उभे राहायचे.

या एका विद्येवर मी नोएडात कारखाना काढला. कारखाना म्हणजे भाड्याची पत्र्याची शेड, एक जुनं मशीन आणि पुठ्ठ्याची खोकी. मशीन गाझियाबादच्या एका माणसाकडून घेतलं. त्याच्या दारातून मी इतक्या वेळा उठून गेले, की शेवटी तो भाव सांगायच्या आधीच हाक मारायला लागला.

आणि काय दिवस होते ते! देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि वारा जणू थेट नोएडातच शिरला होता. यमुनेचा पूल ओलांडला की दातांखाली वाळू कचकचायची. सेक्टरांना नंबर होते, रस्त्यांना दिवे नव्हते. एका बाजूला शेत, दुसऱ्या बाजूला निळ्या काचांची इमारत आणि मधून म्हशींची वरात. जो भेटेल तो काहीतरी बनवत होता. कोणी रिमोटची बटणं, कोणी पंख्याची पाती, कोणी नुसत्या स्प्रिंगा. टपरीवर लोक चहा पिण्याआधी एकमेकांना व्हिजिटिंग कार्ड द्यायचे. टपरीवाल्यानेही स्वतःचं छापून घेतलं होतं, त्यावर 'प्रोप्रायटर' लिहिलेलं. वीज गेली की सगळ्या गल्लीतले जनरेटर एकदम धडधडायला लागायचे आणि मला वरातीत आल्यासारखं वाटायचं. एवढ्या सगळ्या वस्तू बनणार, आणि प्रत्येक वस्तूला खोकं लागणार! हे मला कळलं होतं. भावोजींना नव्हतं.

भावोजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर, आमच्याच कॉलनीत, पण आमच्याहून मोठ्या क्वार्टरमध्ये. त्या वर्षी गणपतीच्या आरतीनंतर अख्ख्या मराठी मंडळींसमोर ते म्हणाले, "आमच्या मेव्हणीबाई सध्या रद्दीच्या धंद्यात आहेत हं!" सगळे हसले. माझ्या हातात खिरापतीची वाटी होती. ती मी त्यांच्या डोक्यावर उपडी कशी केली नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मग आवाज खाली आणून, उपकार केल्यासारखं म्हणाले, "दिवाळीनंतर एका शाळेत क्लार्कची जागा निघतेय. मी शब्द टाकून ठेवलाय."

हे शब्द टाकणं मला जास्त झोंबलं, कारण दिवाळी खरंच जवळ आली होती. शेडचा करार तेव्हाच संपत होता आणि लहानसहान गिऱ्हाइकांवर भाडंसुद्धा निघत नव्हतं. मोठी ऑर्डर मिळाली तर शेड ठेवायची, नाहीतर सोडून द्यायची, असं आमच्या घरात ठरलं होतं. म्हणजे नाहीतर भावोजींच्या शब्दाने मिळालेल्या खुर्चीवर जन्मभर बसायचं.

मोठी ऑर्डर समोरच होती. आमच्याच रस्त्यावर एक जपानी टीव्ही कंपनी आली होती आणि टीव्हीला मजबूत खोकी हवी होती. मी रात्रंदिवस खपून एक नमुना बनवला. पाच पदरी, कडक, टकटक वाजवलं तर दरवाज्यासारखा आवाज. भावोजींना बहिणीकडून कळलंच. म्हणाले, "जा जरूर. पण शिस्तीत बोला. तिथे सरोजिनी नगर चालत नाही, मेव्हणीबाई."

आता असं म्हटल्यावर मी दुसरं काय करणार होते?

हे कॅज्युअल लीव्ह टाकून मला स्कूटरवरून घेऊन आले आणि फाटकाबाहेर थांबले. आत दोघं होते. एक जपानी साहेब आणि दुभाष्याचं काम करणारा खरेदी खात्यातला दिल्लीकर. जपानी साहेबाने खोकं उलटंपालटं केलं, कोपरे दाबले, खळीचा वासही घेतला. मी भाव सांगितला. चढाच सांगितला, खाली यायला जागा नको का? त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि आपला आकडा सांगितला. तो माझ्या मनातल्या आकड्याच्याही वर होता. पण पहिल्याच आकड्याला हो म्हणणं म्हणजे हातात आलेलं सोडून देणं, असं माझं शिक्षण. मी कपाळावर हात मारला. "इतने में तो खळ... लेई भी नहीं आती," म्हणाले, आणि उठले.

जपानी साहेबही उठला आणि कमरेत खोल वाकला. मला वाटलं, हा त्यांच्याकडचा कपाळावर हात.

मी चालायला लागले. मागे न बघता. गुळगुळीत फरशीवर चपला कुरकुरत होत्या. जिना आला, हाक नाही. मी कँटीनचा मेनू वाचला, सावकाश. राजमा-चावल. पुन्हा वाचला. पाण्याच्या कूलरपाशी एक ग्लास प्यायले, तहान नसताना दुसरा. चपलेचा पट्टा सोडून लावला. फाटकावरच्या दरवानाने रजिस्टर पुढे केलं, "मॅडम, टाइम लिखिए." मी इतक्या सुंदर अक्षरात वेळ लिहिली, की तो बघतच राहिला.

बाहेर ह्यांनी मला बघून आनंदाने स्कूटरला किक मारली. "मिळाली?"

"बंद करा ती. मागे कोणी येतंय का बघा."

"कोण?"

"कोणीही!"

ह्यांनी मान लांब केली. "एक कुत्रं येतंय."

मग ह्यांच्या लक्षात आलं. चेहरा पडला. "अगं, तू इथेही चालत सुटलीस? यार, ते लोक नाही म्हटलं की नाहीच समजतात! त्यांना वाटलं, बाईंना परवडत नाही."

कुत्रंसुद्धा वळून परत गेलं. ह्यांनी उसासा टाकला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाले, "चल, राहू दे."

ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "राहू कसं दे? शाळेत क्लार्क तुम्ही व्हा!" असं ओरडून मी परत फाटकात शिरले.

"क्या हुआ मॅडम?" दरवान.

"डिब्बा भूल गई."

"भूलीं कहाँ? आप तो ख़ाली हाथ झुलाती हुई निकलीं, बड़े आराम से."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. दार ढकललं, आणि जागच्या जागी थांबले. जपानी साहेब माझ्या खोक्यावर उभा होता. पायात नुसते मोजे, बूट शेजारी नीट जोडीने ठेवलेले, आणि दिल्लीकराने त्याचा दंड धरलेला. खोकं तसूभरही दबलं नव्हतं. मला बघून साहेब लाल झाला, टुणकन खाली उतरला आणि बूट शोधायला लागला. मीही लाल झाले होते.

"डिब्बा लेने आई थी," मी म्हणाले.

साहेब दिल्लीकराशी बराच वेळ बोलला. दिल्लीकर मला म्हणाला, "सर कह रहे हैं, डिब्बा बहुत बढ़िया है. अफ़सोस है कि दाम नहीं बैठा. आपने ना कर दी, तो दूसरी पार्टी को फ़ोन लगवाया है."

"लग गया?"

"कहाँ जी! नोएडा की लाइन है."

त्या मुक्या फोनला मी मनातल्या मनात खिरापत दाखवली. मग खुर्ची ओढून बसले. उठून गेल्यावर परत येऊन बसायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. "उन्हें कहिए, मंज़ूर है. बिल्कुल मंज़ूर."

साहेब चक्रावला. मंजूर होतं तर बाई गेल्या कशाला? दिल्लीकरही सरोजिनी नगरात खरेदी करणारा निघाला, त्याला सगळं ठाऊक. त्याने टेबलावरचा पेपरवेट उचलला, तोंड वाकडं करून खाली ठेवला, कपाळावर हात मारला, ठुमकत दारापर्यंत गेला आणि तिथून स्वतःच स्वतःला हाक मारली. साहेब वर्गातल्या मुलासारखा बघत होता. मग त्याने गंभीरपणे विचारलं, असं किती लांब जायचं असतं?

"मागून हाक येईपर्यंत," मी म्हणाले.

हे त्याला समजावून झाल्यावर तो जो हसायला लागला, तो थांबेचना. मग मीही. फोन तेवढ्यात खणखणला, तो कोणी उचललाच नाही.

शेड राहिली. पुढे शेजारचीही घेतली. भावोजींनी कॉलनीभर सांगितलं, की शिस्तीचा सल्ला त्यांचा होता. ते मी आजही विसरलेले नाही.

मग त्यांची बदली झाली आणि एका रविवारी ते पहिल्यांदाच नोएडात आले. वाळू झटकत, खोक्यांच्या भिंतींकडे बघत म्हणाले, "सामान भरायला चांगली मोठी खोकी लागतील. घरचंच आहे, नाही का?"

मी भाव सांगितला. बाजारातला, वर थोडा.

"मेव्हणीबाई! रद्दीला एवढा भाव?" त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं आणि तरातरा निघाले. हे माझ्या कानाशी लागले, "अगं, बोलव ना त्यांना." मी म्हटलं, "दमू दे जरा." भावोजी स्प्रिंगवाल्याच्या शेडपर्यंत गेले. टपरीपाशी पोचेपर्यंत त्यांची चाल मंदावली. तिथे थांबून त्यांनी बुटाची नाडी बांधली. मग टपरीवाल्याचं कार्ड हातात घेऊन, शिस्तीत, मागे वळून बघितलं.

मागे वळून बघायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.