आमची अकरा दिवसांची फौज

सात वर्षं मी एका क्रोएट सशस्त्र दलावर पीएच.डी. करत होतो, आणि त्या सात वर्षांत धावड्याकडच्या आमच्या गावात एकाही माणसाने मला त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. जालन्याच्या कॉलेजात इतिहास शिकवतो म्हटलं की लोक किल्ल्यांबद्दल बोलायचे. क्रोएशिया म्हटलं की विषय मक्याच्या भावावर जायचा.

मग गावावर ड्रोन दिसू लागले. दिसले म्हणजे कुणीतरी दाखवले आणि बाकीच्यांनी पाहिले. चोर आधी वरून टेहळणी करतात, अशी बातमी होती. चोरी एकही झाली नव्हती, पण बातमी पक्की होती. गावाने रखवालीसाठी दल काढायचं ठरवलं, आणि सकाळीच माझा चुलतभाऊ, आमचा दादा, माझ्या दारात हजर.

"तू फौजेवरच अभ्यास करून राह्यला ना? मंग सांग, दल कसं काढायचं असतंय."

दादा छत्तिशीचा. सैन्यभरतीत तीनदा धावून आला होता, तिन्ही वेळा छातीने दगा दिला. त्यानंतर त्याने कशासाठीच धावायचं सोडलं होतं.

मी फुगलो, खोटं कशाला बोलू? सांगत सुटलो. युगोस्लाव्हिया फुटत होता, क्रोएशियाची स्वतःची फौज अजून नीट उभी राहिली नव्हती, तेव्हा एका कडव्या पक्षाने आपलंच दल काढलं. काळे गणवेश, मिळतील तिथून बंदुका, आणि अंगावर एका जुन्या बदनाम राजवटीच्या खुणा. त्या खुणांवर माझं आख्खं प्रकरण आहे. दादाने त्यातलं फक्त 'काळे गणवेश' लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी गावात तेवीस काळे टी-शर्ट होते. त्यांत एकोणीस अधिकारी आणि चार जवान. जवान व्हायला कुणी तयारच नव्हतं. ते चौघे बैठकीला उशिरा आले होते म्हणून सापडले. रस्त्यावर बांबू आडवा टाकून नाका केला. पहिला संशयित सापडला तो दूधवाला, ज्याला सगळा गाव ओळखत होता.

"वळखीचा हाय म्हणूनच आडवला," दादा म्हणाला. "अनोळख्याला आडवून भांडण कोण लावून घेईल?"

तेव्हापासून दूधवाल्याचं आधार कार्ड रोज तपासलं जाऊ लागलं. शिट्टी एकच होती. तिच्यावरून दलात फूट पडली आणि दोन दिवस गावाला दोन नाके झाले, एकमेकांपासून पन्नास पावलांवर. दूधवाला बिचारा दोन्हीकडे थांबायचा.

मला हसू आवरत नव्हतं. पण दादा रोज सकाळी घोटून दाढी करू लागला होता. काकू म्हणाली, "पोरगं पोटभर जेवायला लागलं रे." ते ऐकून माझाही जीव सुखावला, आणि तिथेच मी चुकलो.

एका दुपारी नाक्यावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "त्या लोकायचं पुढं काय झालं?"

खरं उत्तर मला पाठ होतं. दल जेमतेम वर्षभर टिकलं. सरकारी फौज उभी राहिली तसे हे स्वयंसेवक डोईजड झाले. पुढाऱ्यांना अटक झाली. शेजारच्या बोस्नियात त्यांच्या सेनापतीला क्रोएट लोकांनीच नाक्यावर गोळ्या घातल्या. उरलेले नियमित फौजेत मिसळून टाकले. दादाच्या गुळगुळीत गालांकडे बघून मी एवढंच म्हणालो, "फौजेत घेतलं त्यांना."

"सगळ्यायला?"

"बहुतेक सगळ्यांना."

"पळायला न लावता?"

"हो."

 दादा उठला, त्याने बांबू वर केला आणि दूधवाल्याला न तपासताच जाऊ दिलं.

अकराव्या दिवशी फौजदार आले. ड्रोन ही अफवा आहे, नाका बेकायदा आहे, तरी पोरांनी गावाची काळजी केली, असं ते चांगल्या शब्दांत बोलले. मारुतीच्या पारासमोर दल रांगेत उभं. प्रत्येकाला एकेक नारळ, आणि आजपासून दल बंद. पोरं नारळ घेऊन हसत खिदळत पांगली.

दादा तेवढा पुढे झाला. काखेत प्लास्टिकची फाईल. तिच्यात बारावीची मार्कलिस्ट, टीसी, रहिवासी दाखला आणि बारा पासपोर्ट फोटो, सगळे काळ्या टी-शर्टातले.

"साहेब, हे माझे. बाकीच्यायचे कागदं संध्याकाळपर्यंत जमा करतो."

फौजदारांनी कागद चाळले. हे कशासाठी आहेत ते हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. माणूस भला होता, हसला नाही. "अहो, पोलिसात असं घेता येत नाही," ते म्हणाले. "आणि वयही बसत नाही तुमचं."

दादा माझ्याकडे वळला. "तिकडं वयाची अट होती का रे?"

"नव्हती," मी म्हणालो.

"बघा साहेब. बिलकुल नव्हती. हा सात वर्षं तेच शिकून राह्यला."

फौजदारांनी फाईल मिटली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. दादा हात पुढे करीना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी ती मीच घेतली.