दोन आरशांचं कपाट आणि टाचणीची पावती

"त्यांच्या कपाटाला आरसा! आणि माझ्या साड्या काय जन्मभर खुंटीलाच लटकणार?"

भिंतीपलीकडे धाकटी जाऊ नवऱ्यावर ओरडत होती आणि अलीकडे थोरली भिंतीला कान लावून ऐकत होती. फार गोड भांडण ते. आठवडाभर थोरलीच्या चहाला साखर लागली नाही.

पण धाकटीनेही हप्त्यांवर कपाट आणलं, तेही दोन आरशांचं. झालं, थोरलीच्या चहाला पुन्हा साखर लागू लागली.

पुढे दोघींचेही हप्ते थकले. दुकानाने दोन्ही कर्जं एका वसुली कंपनीला विकली आणि करड्या शर्टातला एक गोडबोल्या दारात येऊ लागला.

"रोख द्या मावशी, अर्धं माफ. आजच्या आज मोकळ्या."

धाकटीने बांगड्या मोडल्या आणि मोकळी झाली. मग केस विंचरताना मुद्दाम दार उघडं ठेवायची. थोरलीच्या पोटात असं दुखायचं, की कुठल्या डॉक्टरला सापडलं नसतं.

शेवटी तिनेही डब्यातले पैसे काढून गोडबोल्यासमोर मोजले. पण वीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरवर काढलेली बाई ती. चिठ्ठी घेतल्याशिवाय तिने सख्ख्या भावालाही त्याची पँट दिली नव्हती. हात आपोआप पुढे झाला.

"चिठ्ठी?"

"विश्वास नाही का मावशी?"

"आहे की. पण विश्वासाला टाचणी टोचता येत नाही रे बाबा."

पैसे तिथेच सोडून तो गेला तो गेलाच. थोरली दुकानात जाऊन विचारून आली, कर्ज खरंच या कंपनीला विकलं का, आणि केवढ्याचं. कंपनीकडून बाकी लेखी मागवली. झेपेल एवढा हप्ता कागदावर ठरवून घेतला आणि दर महिन्याला बँकेत जाऊन थेट कंपनीच्या खात्यात भरू लागली. नवी पावती मागच्या पावतीला टाचणीने टोचायची.

"अजून फिटलं नाही का ताई?" धाकटी आरशातूनच विचारायची.

"फिटेल," थोरली म्हणायची, आणि मनातल्या मनात दोन्ही आरसे फोडायची. दोनदा तर वाटलं, त्या गोडबोल्यालाच शोधून आणावं.

अकराव्या महिन्यात धाकटीच्या दारात कंपनीचा नवाच माणूस उभा. कंपनीत तिच्या नावावर छदामही जमा नव्हता. करडा शर्ट कधीच पसार झाला होता. धाकटी आरशांपुढे मटकन बसली. एकीच्या तीन होऊन रडू लागल्या. थोरलीला हसू आलं, थोडंसं. मग टाचण्यांची डबी उचलून ती पलीकडे गेली.

"रडतेस काय? आधी याच्याकडून कागद माग. आणि त्या चोराची तक्रार कंपनीत अन् चौकीत, दोन्हीकडे. लेखी!"

चौदाव्या हप्त्यानंतर थोरलीला 'काही बाकी नाही' असं पत्र मिळालं. तिने ते कपाटाला बाहेरून चिकटवलं, आरशाच्या वर. आता धाकटी ते बघून तोंड फिरवायची आणि थोरलीचा चहा पुन्हा बिनसाखरेचा झाला.

धाकटीचं फिटायला दोन वर्षं गेली. शेवटच्या हप्त्याला तिला ताप, म्हणून थोरलीच निघाली. बँकेतल्या नेहमीच्या रांगेत उभी राहिली, पावती दोनदा वाचली, टाचणीने टोचली आणि कंपनीच्या कचेरीतून धाकटीचं पत्र घेतलं. बघते तर काय, त्यावर गोल निळा शिक्का!

"माझ्या पत्रावर हा नव्हता," ती कारकुनाला म्हणाली. "उद्या आणते. शाई वाळू देऊ नका."