झेंडूच्या दिवसांतली उसनी बारी

“उतर! उतर गाडीतून! माही बारी हाय!”

मी अशी ओरडले की बार्शीटाकळीच्या बाजारात वांगी विकणाऱ्या बायांनी तराजू खाली ठेवले. बाजार आमच्या मळ्यापासून चांगला लांब, पण माझा गळा तेव्हापासूनच नावाजलेला. गाडीत माझी चुलत बहीण पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. अकोल्याचं स्टेशन गाठायचं, तिथून अमरावती, तिथली मुलींची शाळा. आणि त्या गाडीत मी असायला हवी होते.

आमच्या दोन घरांत मिळून पोरं इतकी, की पंगत मांडली तर शेवटचं पोर पातूरला जेवायचं. शाळा लांब, मळ्यात काम ढीगभर. म्हणून शिकवायची काकू, त्या चुलत बहिणीची आई. ती अमरावतीची, शिकलेली. पाटी मात्र घरात एकच. मग काकूनं मळ्याच्या कामावरच शाळा बसवली. मोट सुरू असली की लहानग्यांनी विहिरीशी बसून पाढे म्हणायचे, बैल धावेवरून खाली गेले की एक ओळ, मागे आले की दुसरी. बैलांनाही तेराचा पाढा येत होता, फक्त तेरा सत्ते म्हटलं की पांढऱ्याचा पाय अडखळे. भाजी तोडून ज्याचे हात मोकळे, त्याला पाटी. दुपारी बैल सुटले की आम्हा मोठ्या दोघींचं वाचन, एक दिवस माझं, एक दिवस तिचं.

याला आम्ही बारीच म्हणायचो, विहिरीच्या पाण्याची असते तशी. पाण्याच्या बारीत आमच्याकडे लबाडी नाही. आज माझं पाणी तू घेतलंस, तर तुझ्या दिवशी ते मी घेणार. आमच्या एका शेजाऱ्यानं तर उसनी बारी फेडायला बाशिंग बांधून वाफ्यांना पाणी सोडलं. अक्षता मेथीवर पडल्या.

त्या साली काकू म्हणाली, “माहा भाऊ मास्तर हाय अमरावतीले. तो आला का दोघींले इचारंल. जिले चांगलं येते, तिले घेऊन जाईल. दोघींले ठेवाले जागा नाही त्याच्या घरी.”

मी तेव्हा वाचनात बहिणीच्या पुढे होते. हे काही मी वाढवून सांगत नाही.

दसऱ्याच्या तोंडावर झेंडू फुलला. माझ्यासारखी फुलं तोडणारी अख्ख्या वऱ्हाडात नव्हती. मी वाफ्यात शिरले की फुलं आपणहून टोपलीत उड्या मारायची. काकूनं मला जवळ बोलावलं.

“बाई, सध्या तू फुलं पाह्य. तुही बारी हिले दे. दिवाई झाली का साऱ्या बाऱ्या तुह्या.”

“साऱ्या?”

“मंग! उसनी बारी कोनी बुडवते काय?”

मी दिली. दुपारभर बहीण चिंचेखाली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नद्या घोकायची आणि मी पिवळ्या हातांनी वाफ्यातून कान लावायचे. अर्ध्या नद्या वाऱ्यावर जायच्या.

दिवाळी आली आणि भाऊबीजेला काकूचा भाऊ दारात उभा. भाऊबीजेला भाऊ येतो हे मांजरालाही कळतं, मला कळलं नाही. माझ्या बाऱ्या दिवाळी सरल्यावरच्या होत्या, आणि दिवाळी सरायच्या आत तो ओवाळून घेऊन, लाडू खाऊन खाटेवर बसला, “चला पोरींनो” म्हणत. त्यानं नद्या विचारल्या. मला वर्धा आठवली, कौंडण्यपूरच्या जत्रेत तिच्यात बुडता बुडता वाचले होते म्हणून. पुढच्या नद्या झेंडूच्या वाफ्यातच वाऱ्यानं नेलेल्या. बहिणीनं मात्र नद्यांचा पूर आणला. मास्तर खूष. काकू माझ्याकडे न बघता ओवाळणीचं ताट उचलून आत गेली.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी गाडीचं चाक धरून ओरडत होते. दुसऱ्याच्या पाण्याला कधी हात न लावणारा माझा बाप बैलांच्या शिंगांकडे बघत उभा होता. आईनं माझी बोटं एकेक करून चाकावरून सोडवली. कोणी म्हटलं नाही की पोरगी खरं बोलते.

गाडी गेल्यावर मी काकूपुढे जाऊन उभी राहिले. ती उरलेला झेंडू निवडत होती.

“काकू, उसनी बारी फेडा लागते न?”

तिनं एक कुजकं फूल बाजूला टाकलं.

“ते पान्याचं असते.”