कोरा दिसणारा दगड

दगड कोरा दिसत होता. मी त्यावर वाळू-पाणी टाकलं आणि दुसऱ्या दगडाने घासायला घेतला. अर्ध्या तासाने उस्मानचाचा आले, कडेवरचा नंबर बघितला आणि खालीच बसले.

"कोकण्या, काय केलंस रे हे?"

नाशिकच्या त्या छापखान्यात मला तीनच आठवडे झाले होते. घर वेंगुर्ल्याकडे, शाळा मराठी तिसरीत सुटलेली. चाचा तिथले चितारी. त्यांनीच शेठजींना सांगून मला ठेवून घेतलं, भाकरी खायला शेजारी बसवलं. त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत.

आमच्याकडे शिळाछापाचं काम चाले. चितारी गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने उलटं चित्र काढतो. मग डिंकाचं पाणी लावून वरची शाई टर्पेंटाइनने पुसतात. चित्र जवळजवळ नाहीसं होतं, पण तेल दगडात मुरलेलं असतं. रूळ फिरवला की ते पुन्हा शाई धरतं. हे मला ठाऊक नव्हतं. वाटलं, जुनं काम असेल, घासून टाकायचं. विचारायची लाज वाटली. माझ्या शिक्षणावर आधीच सगळे हसत.

चित्र मुलांच्या पुस्तकातलं होतं. कळप चुकून घाबरलेलं कोकरू आणि त्याला पोटाशी घेणारी म्हैस.

शेठजी ओरडतच आले. "कोणी घासला?"

मी खाली मान घालून हाताची वाळू पुसू लागलो.

"मीच सांगितलं," चाचा म्हणाले. "म्हशीचा पाय बिघडला होता."

"मग शनिवारपर्यंत नवं काढा!"

शेठजी गेल्यावर चाचा हळूच म्हणाले, "तू गप बस. तुला काढलं तर जाशील कुठे? आरसा धर."

जुना छापा आरशात उलटा बघून ते काढू लागले. नाक दगडाला टेकायचं बाकी होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"चाचा, दिसत नाही तुम्हाला?"

"सावकाश काढलं तर जमतं. पहिलं काढायला दोन महिने लागले, बेटा. शेठला बोलू नको."

आता चारच दिवस होते.

शनिवारी छापा निघाला. कोकराचा एक डोळा चेहऱ्याबाहेर गेला होता. शेठजींनी कागद चाचांपुढे धरला.

"यात काय चुकलंय, सांगा."

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"म्हशीचं शिंग?" ते म्हणाले.

सोमवारी दुसरा चितारी आला. चाचा येवल्याला भावाकडे गेले. मोटारीपर्यंत त्यांचं बोचकं मी नेलं. शेठजींना मात्र काही सांगितलं नाही. पुस्तक वेळेवर निघालं आणि माझी नोकरी टिकली.

नव्या माणसाला मी दोनच गोष्टी सांगतो. दगड घासण्याआधी ओला करून रूळ फिरवून बघ. आणि चूक झाली तर त्याच मिनिटाला बोल. मी बोललो ते शेठजी वारल्यावर, त्यांच्या मुलापाशी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोण उस्मानचाचा?"