वीतभर कापड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडले तरी दुसरंच काहीतरी बोलून परत यायचे. मुलाच्या पाटीवर चार अक्षरं शिकले म्हणून आज लिहिता येतंय — नाहीतर माझ्याबरोबरच गेलं असतं.

मुलगा म्हणजे हरी. तेव्हा तो पोटात होता. आम्ही सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्यावर मासे धरणारी माणसं. पावसाळ्यात इथला वारा नाव थेट बांधाच्या दगडांवर लोटतो. माझे धाकटे दीर, मारुती भावजी, काही वर्षं कोकणात गलबतावर खलाशी होते. परत येऊन गिरणीत लागले, पण जीव पाण्यातच. त्यांनी तिकडची एक युक्ती आणली — कापडाचा नांगर. रुंद तोंडाची, मागे निमुळती पिशवी. दोराने बांधून पुढच्या बाजूने पाण्यात सोडायची. ती पाण्याने भरते, ओढ घेते आणि नावेचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवते.

लोक हसले. चिंधीने कधी नाव थांबते का? भावजींना राग आला नाही. मला मात्र समजावून सांगत बसले, कारण शिवायचं मला होतं.

"मापात समदं हाय, वैनी. ल्हान झाला तर धरत न्हाय. लई मोठा झाला तर नाव जागची हलत न्हाय, लाट अंगावर घेती आन् दोर तुटतो."

त्यांनी नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांनी मोजली, जरा विचार केला आणि सुतळीला गाठ मारली. तोंडाची रुंदी एवढी ठेवा म्हणाले आणि गिरणीत पाळीला गेले. ती सुतळी मी माझ्या हातावर धरून पाहिली. खांद्यापासून मनगटाच्या हाडापर्यंत आली.

कापड तंबूचं होतं, सात रस्त्याजवळच्या जुन्या कापडवाल्याकडून आणलेलं. घट्ट विणीचं, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं. त्याच्यावर हात फिरवला आणि माझी बुद्धी फिरली. एवढं चांगलं कापड पाण्यात कुजवायचं, आणि माझ्या लेकराच्या झोळीला फाटकं लुगडं? — लुगडं चाललं असतं. आमच्यात सगळ्यांची लेकरं लुगड्यातच वाढली. पण मला तेच हवं होतं.

तोंड वीतभर कमी धरलं. रुंदीत वीत म्हणजे घेरात तीन विती; झोळीपुरतं उरलेलं कापड पेटीच्या तळाशी ठेवलं. आणि सुतळी — सुतळी चुलीत घातली. हाव कुणालाही सुटते. पण सुतळी का जाळली? म्हणजे मला कळत होतं, नाही का?

संध्याकाळी भावजींनी पिशवी उचलून पाहिली. ल्हान दिसतीय वैनी, म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्याच सुतळीचं माप हाय की." त्यांनी सुतळी मागितली. जळाली, म्हटलं. नाव मोजलेल्या आपल्या हातांकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "माजीच गाठ सरकली आसंल." आमच्या ह्यांना सकाळी जाळी टाकायची घाई होती. चालंल की, म्हणाले.

नाही चाललं. दुसऱ्या दिवशी वारा वाढला, पिशवीने नाव धरली नाही. नाव बांधावर आदळली आणि दगड आणि नाव यांच्यामध्ये ह्यांचा पाय सापडला. जीव वाचला. पाय कायमचा गेला.

सगळ्यांनी भावजींना बोल लावला. ह्यांनीही — कितीतरी महिने भावाशी शब्द नाही. भावजींनी कबूल केलं की माप त्यांचंच चुकलं. स्वतःची नाव बांधायची म्हणून जमवलेल्या फळ्या त्यांनी विकल्या आणि जन्मभर गिरणीत राहून आमचं घर चालवलं. त्यांच्या अपराधाचं म्हणून जे अन्न आलं, ते मी खाल्लं. हरीला ते झोळीत घालून झोके द्यायचे. झोळी त्याच कापडाची. मला वाटायचं, आता ओळखतील — पण त्यांचं लक्ष लेकराकडे असायचं.

मागच्या पावसाळ्यात हरी तळ्यावर जायला लागला. नाव तीच, डागडुजी केलेली. काकाकडे कापडी नांगराचं माप मागायला गेला. भावजींनी दोन्ही हात मागे घेतले. "मला इचारू नगं, पोरा. माजं माप खोटं हाय." मी तिथेच सुपात डाळ निवडत बसले होते. तेव्हा बोलता आलं असतं. मी खडे वेचत राहिले.

मग पिशवी मीच शिवली. माझ्याच हातावर मोजून, खांद्यापासून मनगटाच्या हाडापर्यंत. भर वाऱ्यात नाव अशी थांबली की बांधावरची माणसं बघत राहिली. रात्री जेवताना भावजींनी विचारलं, "माप कुणी दिलं, वैनी?"

मी म्हणाले, "अंदाजानं धरलं."

त्यांनी मान हलवली. "तुमचा अंदाज लई चांगला हाय," म्हणाले. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.