महेंद्रची पहिली लढत

केडगावच्या महेंद्रनं बॉक्सिंगमध्ये जिल्ह्याची चार सुवर्णपदकं आणली, तीही एकही ठोसा न मारता. त्याच्या शंभर किलोच्या गटात दुसरा कुणी उतरतच नसे. पंच नुसता त्याचा हात वर करी. गाव मात्र हलगी लावून मिरवणूक काढी. शरमेनं त्याची मान खाली जाई आणि लोकांना वाटे, पोरगं किती नम्र.

२००३ साली तो व्यावसायिक झाला. पहिल्याच लढतीत हरियाणाच्या गड्यानं त्याला तिसऱ्या फेरीत आडवा केला.

घरी आल्यावर सुजलेल्या गालाला हळद लावत आई विठाबाईनं विचारलं, "हरलास व्हय रं?"

"व्हय. भिंतीवरची पदकं तेवढी उतरव, आये. ह्या टायमाला समोर कुणीतरी हुतं."