न विचारता सापडावं म्हणून

पवनानगरच्या वाचनालयात ज्योत्स्नाबाई ग्रंथपाल म्हणून आल्या, तेव्हा पुस्तकांची सूची म्हणजे दाखल क्रमांकांचं एक जाडजूड बाड होतं. माणसं यायची, दोन पानं उलटायची आणि पेपर चाळून निघून जायची. बायका तर दारातूनच परत फिरायच्या. लोकांना पुस्तकाचं नाव ठाऊक नसतं, अडचण ठाऊक असते आणि ती चारचौघांत बोलवत नाही, हे बाईंच्या लवकरच ध्यानात आलं.

त्यांनी सूची नव्यानं मांडली. प्रत्येक पुस्तकाचं कार्ड, त्यावर मुखपृष्ठाचा फोटो आणि आत काय आहे ते साध्या बोलीत. ‘कायदा’, ‘आरोग्य’ असले मथळे काढून लोकांच्या तोंडचे घातले : ‘शेळी चारा खात नाही’, ‘सातबाऱ्यावर नाव लावायचंय’, ‘नवरा मारतो’. कुणाला काही विचारावं लागू नये म्हणून कार्डांचे खण एका बाजूला, खिडकीपाशी ठेवले. वाचनालय भरू लागलं. अध्यक्ष भिमाजीआबांनी सभेत बाईंचं कौतुक केलं.

अनिता धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंवर स्वयंपाकाला जायची. येताना खिडकीपाशी पाठमोरी उभी राहायची. एके दिवशी तिनं एक कार्ड बाईंच्या टेबलावर उपडं ठेवलं. बाईंनी मथळा पाहिला आणि काही न विचारता पुस्तक दिलं. पुढच्या खेपेला तिनं हळूच विचारलं, “यात लिवल्यात त्या संरक्षण अधिकारी बाई वडगावला कुटं बसत्यात?” सोमवारी दोघींनी मिळून जायचं ठरलं.

रविवारी तिच्या नवऱ्याला, गोरखला, ते पुस्तक तांदळाच्या डब्यात सापडलं. तो तडक वाचनालयात आला आणि त्यानं आबांसमोर ते टेबलावर आपटलं. “बायांना ह्ये शिकवता व्हय तुमी?”

आबांनी त्याला पाणी दिलं, समजूत घालून वाटेला लावलं. मग बाईंना म्हणाले, “पुस्तक ऱ्हाऊ द्या. तेवढा मथळा काढा. गावात ऱ्हायचंय आपल्याला.”

बाईंनी मथळा काढला. सोमवारी जीपच्या थांब्यावर त्या ऊन चढेपर्यंत उभ्या राहिल्या. अनिता आली नाही. तिच्या घरी जावं असं फार वाटलं. पण आपण गेलो तर तिलाच जास्त मार बसेल, अशी मनाची समजूत घालून त्या माघारी फिरल्या.

त्याच आठवड्यात अनिता धरणात सापडली. धुणं धुताना पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं. बाई स्वतःहून पोलीस चौकीत गेल्या. हवालदारानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “नवरा मारतो, असं ती तुम्हाला तोंडानं कधी म्हणाली?”

ती कधीच म्हणाली नव्हती. तिला म्हणावं लागू नये, यासाठीच तर बाईंनी सगळं केलं होतं.

“नाही,” बाई म्हणाल्या. हवालदारानं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मथळा पुन्हा लावला. आबांनी पाहिला आणि राहू दिला. आता त्या मथळ्याखालचं कार्ड कुणी आणलं, की बाई तिला आतल्या खोलीत नेतात, दार लोटतात आणि विचारतात, “कोण मारतं? कधीपासून?” एखादी सांगते. बाकीच्या कार्ड तिथंच ठेवून निघून जातात, आणि परत येत नाहीत.